दीडशे नर

आमच्या सर्वण गावात मासे पाळायची कल्पना बाबांच्या डोक्यात आली, तेव्हा शेजारचे एक वयस्क गृहस्थ त्यांना म्हणाले, "नुस्तें खावपाचें रे, पोसपाचें न्हय." मासे खायचे असतात, पोसायचे नसतात! बाबांना एवढं पुरे होतं. एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी म्हटलं की ती जमवून दाखवल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. हा हट्ट त्यांनी मला वारशात दिला आहे, रागासकट.

बाबा डिचोलीच्या एका कचेरीत कारकून होते. घराखाली माडा-पोफळींचं आमचं लहानसं कुळागर आणि त्याच्या टोकाला झरीचं पाणी साचून राहणारी पाणथळ जागा. तिथे त्यांनी गडी लावून तळं खणलं. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीचा हा उन्हाळा. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. बसमध्ये, दुकानाच्या बाकावर, पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीभोवती, जिथे चार माणसं जमतील तिथे मराठी की कोंकणी हा वाद चाले. आमच्या घरात पेपर मराठी, भांडण कोंकणीतून आणि देवाला गाऱ्हाणं ज्याला जे सुचेल त्या भाषेत. त्यामुळे आमच्या घरी वाद फारसा रंगत नसे. बाबांना तर त्या उन्हाळ्यात माशांखेरीज दुसरं काही दिसतच नव्हतं.

मासे येणार होते केरीहून, मामाकडून. केरी पेडण्याच्या टोकाचं, समुद्राकाठचं गाव. मामा आईचा थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेल्यावर त्यानेच आईला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि तोवर स्वतः लग्न केलं नाही; मामी घरात आली ती त्यानंतर. तरी आईचं माहेर म्हणजे तो एक माणूस. तो होडीवर जाई, आणि घरामागच्या तळीत हौसेने टिलापी मासे पाळी. या माशाची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं फुटली तरी काही दिवस तोंडातच सांभाळते, आणि तितके दिवस स्वतः काही खात नाही. मामा हे सांगताना दर वेळी आईकडे बघून म्हणे, "बायलमनीस ती बायलमनीस." आई लाजून हसे.

चैत्रात आई एकटीच चार दिवस माहेरी गेली आणि येताना अॅल्युमिनियमच्या डेगचीत पिल्लं घेऊन आली. केरीहून चोपडे, तिथून फेरीबोटीने नदी ओलांडून शिवोली, मग म्हापसा, मग डिचोली. डेगचीला वरून फडकं बांधलेलं, डेगची मांडीवर, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून वाटभर हाताने पाणी हलवायचं, असं मामाने सांगितलं होतं. ती घरी पोचली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती.

"कितलीं दिलीं?" बाबांनी दारातच विचारलं.

"दीडशें," आई म्हणाली आणि आत गेली.

मादीच्या तोंडातून नुकती सुटलेली ती पिल्लं तांदळाच्या दाण्यांहून फार मोठी नव्हती. तळ्यावर बगळे होते, खंड्या होता, पाण्यात दिवड होती. एवढ्या कष्टाने आणलेली पिल्लं त्यांच्या तोंडी कोण देईल? बाबांनी ती परसातल्या टाकीत ठेवली. धुण्याच्या दगडाशेजारची ती सिमेंटची टाकी दिवसभर उन्हात असे. पिल्लं नीट दिसावीत म्हणून बाबांनी तिच्यात पाणी ठेवलं वीतभर. वर झावळ्या टाका, असं आई दोनदा म्हणाली. "मागीर दिसतलें कशें?" बाबा म्हणाले. भर चैत्र-वैशाखात दुपारी त्या पाण्यात हात घातला की आई म्हणे, "हाताक भाजता गो." संध्याकाळी दोन कळशा विहिरीचं पाणी ओतलं की आपलं कर्तव्य झालं असं बाबा समजत.

आणि ते पिल्लांना जपत. काय जपत! सकाळी कचेरीत जाण्याआधी शिळ्या उंड्याचा, म्हणजे पावाचा, चुरा बोटांनी मळून घालायचा. संध्याकाळी आल्यावर शर्टही न बदलता चहाची गाळणी घेऊन पिल्लं उपसायची, पांढऱ्या बशीत घ्यायची, चष्मा कपाळावर चढवून निरखायची, पुन्हा टाकीत सोडायची. पाहुणा आला की पुन्हा गाळणी. शेजारी आला की पुन्हा बशी. त्या दीड महिन्यात आमच्या टाकीभोवती अख्खा वाडा येऊन गेला. भाषेवरून महिनाभर एकमेकांशी न बोलणारे दोघे जण एका बशीवर डोकं लावून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. चहाची गाळणी मात्र आईला नवीन आणावी लागली.

बाबांनी एकदा पिल्लं मोजली. एकशे अठ्ठेचाळीस भरली. "दोन वाटेर मेलीं आसतलीं," ते खुशीत म्हणाले. आई तेव्हा तिथेच कपडे पिळत होती. पिळलेलाच कपडा तिने पुन्हा पिळला.

पावसाळ्यात तळं भरलं, मासे तळ्यात गेले आणि चतुर्थीपर्यंत तळहाताएवढे झाले. चतुर्थीच्या सुमाराला माद्यांच्या तोंडात पिल्लं दिसतील, असं मामा म्हणाला होता. बाबांनी ते गावभर सांगितलं होतं. मग सगळ्यांना माशांचं बी, म्हणजे पिल्लं, फुकट देतो, विकत आणायला नको, असंही. त्यांच्या शब्दावर तिघा शेजाऱ्यांनी आपापल्या कुळागरात खड्डे खणून ठेवले. चतुर्थी झाली, दसरा झाला. तळ्यातले मासे काळेकुळकुळीत झाले, गळ्याला पांढरे, परांना लाल कडा. प्रत्येकाने तळाच्या चिखलात शेपटीने ताटाएवढा गोल खळगा केला आणि त्याच्या कडेने तो दुसऱ्याला हुसकावत फिरू लागला. ही त्या जातीतल्या नराची लक्षणं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं ते आईच्या विळीवर. आठवड्यातून दोनदा मासे घरात येत, आई ते साफ करी, आणि एकातही गाबोळी, म्हणजे अंडी, निघत नसे.

खड्डे खणलेले तिघे भांडी घेऊन आले आणि रिकामी भांडी घेऊन परत गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, "हेंय घटक राज्यच म्हणपाचें. सगळे मंत्री, परजा खंय?" वाड्यात ते दोन महिने पुरलं. बाबांना चिडवलेलं सोसत नसे. स्वतः मात्र ते सगळ्यांना चिडवत.

भाऊबीजेला मामा आला. दर वर्षी यायचा तसाच, इस्त्रीचा शर्ट, हातात आईसाठी साडी आणि माझ्यासाठी काहीतरी. आईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. मामा पाटावर बसला, आणि बाबा खांबाला टेकून उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर ताठलेली मला दिसली. मला वाटलं, निदान ओवाळून तरी होऊ द्या.

"माद्यो काडून दवरल्यो तुवें," बाबा म्हणाले. "म्हाका निखटे नर दिले. म्हणजे दर वर्सा बियाक हांवें तुज्या दारांत येवंक जाय."

माद्या स्वतःकडे ठेवून नुसते नर दिल्याचा हा आरोप मामाला आधी थट्टा वाटला. तो हसला. "इल्लीशीं पिलां तीं, भावजी. तांतूंत नर खंयचो, मादी खंयची, ब्रह्मदेवाकूय कळचें ना."

"दीडशें दिलीं तुवें. दीडशेंय नर?"

मामाचं हसू गेलं. "दीडशें?" त्याने विचारलं आणि आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून निरांजनाची वात सारखी करत होती. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "व्हय. दीडशें."

ते गप्प बसणं मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"जाल्यार फाल्यां देवळांत चल," बाबा म्हणाले. "कौल लावया. देवा मुखार उबो राव आनी सांग."

आमच्याकडे देवाचा कौल हा शेवटचा शब्द. दोघांचं पटेना की दोघांनी देवासमोर उभं राहून जे असेल ते सांगायचं. भटजी फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाला लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. कुठल्या बाजूची पाकळी पडते त्यावरून खरं-खोटं ठरतं, आणि ठरलं की विषय संपला. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, पण तिथे खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. मामा तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडी पाण्यात न लोटणारा. त्याला हो म्हणायला एक क्षणही लागायला नको होता.

"हांव येवचो ना," मामा म्हणाला.

"कित्याक?"

"येवचो ना म्हणलें न्हय."

मग मी बोलले. त्या घरात त्या वेळी कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, खरं असेल तर यायला काय झालं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. पाटावरून उठला, चपला घातल्या आणि गेला. ओवाळायचं ताट तसंच राहिलं. साडीची पिशवी तशीच राहिली. बाबा म्हणाले की आजपासून त्या घराची पायरी कुणी चढायची नाही, आणि सगळ्या गावाला ते योग्यच वाटलं. कौलाला नाही म्हणणारा माणूस चोर, यात विचार करायचं काय होतं? मलाही वाटलं. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण वाटलं.

मला कळेना ती आई. तिच्या भावाला तिच्या घरातून असं जावं लागलं आणि ती एक शब्द बोलली नाही. बाबांशी भांडली नाही, रडली नाही, चोरून एक पत्र टाकलं नाही. एक तप तिने माहेर पाहिलं नाही. भाऊबीजेला संध्याकाळी अंगणात जाऊन ती चंद्राला ओवाळी, जसं भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात. मी एकदा रागाने तिला म्हटलं, "तुला काही वाटतच नाही का?" ती म्हणाली, "वाटतं म्हणून तर." मला वाटलं, ही आपली बायकांची बोलायची रीत.

माझ्या लग्नात अंतरपाटाच्या वेळी माझ्या मागे मामा नव्हता. बाबांचे एक लांबचे आतेभाऊ मामा म्हणून उभे राहिले आणि सारखे घड्याळ बघत होते.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि उच्च माध्यमिक शाळेत शिकवू लागले. एका मे महिन्यात शिक्षकांच्या उजळणी वर्गात मत्स्यशेतीवर व्याख्यान होतं. बोलणाऱ्या बाई साध्या, सावकाश बोलणाऱ्या. पंखा कुरकुरत होता, अर्धे शिक्षक डुलक्या काढत होते. बाई म्हणाल्या की माणसाचं नर-मादी गर्भ राहतानाच ठरतं, पण पुष्कळ माशांत तसं नसतं. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही आठवडे पिल्लाच्या पोटातला तो अवयव कुठल्याच बाजूला झुकलेला नसतो. त्या दिवसांत पाणी फार तापलं, किंवा पिल्लांना दाटीने ठेवलं, पुन्हा पुन्हा हाताळलं, तर त्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं. माणूस घाबरला की त्याच्या अंगात जे वाढतं तेच, कॉर्टिसॉल. ते वाढलं की नराच्या संप्रेरकाचं मादीच्या संप्रेरकात रूपांतर करणारं विकर मंदावतं, आणि मादी होऊ शकली असती ती पिल्लंसुद्धा नर होतात. टिलापीची पैदास करणाऱ्यांना हे फार जपावं लागतं, असं म्हणून बाईंनी पुढचं चित्र लावलं.

मी पुढचं काहीही ऐकलं नाही. वीतभर पाणी, वैशाखातली दुपार, चहाची गाळणी, पांढरी बशी. मामाच्या तळीतून आली तेव्हा ती पिल्लं नरही नव्हती आणि मादीही नव्हती. त्यांना नर केलं होतं आमच्या परसाने. आमच्या टाकीची परीक्षा कुणी केलेली नाही, आणि दुसरं काही कारण असेलही. बाईंना मी नंतर विचारलं तेव्हा त्याही एवढंच म्हणाल्या की असं होऊ शकतं. मला तेवढं पुरलं. मामाने आम्हाला फसवलं नव्हतं, आणि फसवायचं म्हटलं असतं तरी त्याला ते जमलंच नसतं.

त्या शनिवारी मी सर्वणला गेले. बाबा निवृत्त होऊन ओसरीवर बसलेले असत. मी चहासुद्धा न घेता त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, वर्गात चूक पकडल्यावर सांगावं तसं. मला त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "झावळ्या घातल्या असत्या तर?"

"कदाचित वाचलं असतं."

ते पुष्कळ वेळ हाताच्या तळव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हांव तांकां जपतालों गो." तेव्हा मात्र माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने मला विचारलं, "म्हणजे नर-मादी हांगा टाकयेंत थारलीं? फेरीर न्हय?"

"फेरीवर कशी ठरतील?"

ती उंबऱ्यावरच बसली आणि सांगू लागली, माझ्याकडे न बघता. मामाने दीडशे नव्हे, दोनशे पिल्लं दिली होती. त्या दिवशी दुपारी फेरीच्या धक्क्यावर बस तासभर अडकली. डेगची तापली. ती हात हलवत राहिली, हलवत राहिली, आणि फेरीवर चढल्यावर फडकं सोडून पाहिलं तर पन्नासेक पिल्लं पोट वर करून तरंगत होती. भावाने एवढ्या भरवशाने दिलेली, नवऱ्याने एवढी वाट पाहिलेली. लोकांकडे पाठ करून तिने ती ओंजळीने उचलून नदीत सोडली, आणि घरी येऊन दीडशे म्हणून सांगितलं.

"मागीर मादी एकूय दिसना," आई म्हणाली. "म्हाका दिसलें, माद्यो नाजूक, त्योच मेल्यो. हांवेंच नंयत घाल्यो. दादाचेर आळ आयलो तेन्ना सांगपाक जाय आशिल्लें. हांवें तोंड उगडलें ना. मागीर दादाच्या दारांत खंयच्या तोंडान वचूं?"

बारा वर्षं. बाबा तिच्याकडे बघत होते. ते ओरडतील असं मला वाटलं, पण ते फक्त म्हणाले, "म्हाका इतलें भियेतालें तूं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी केरीला निघालो. बाबांना चला म्हटलं तर म्हणाले, "तुमी मुखार चला." ते गेले, पण त्याला आणखी दोन महिने लागले. बसमध्ये आई सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसली होती. फेरीवर ती बसमधून उतरलीच नाही.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. केस सगळे पांढरे, खांदे खाली आलेले. मागची तळी बुजवून तिथे माड लावले होते. आम्हाला पाहून तो उठायला गेला. आईने त्याला उठू दिलं नाही, आणि स्वतः बसलीही नाही. उभ्याउभ्याच, शाळेत पाठ म्हणावा तसं, तिने सगळं सांगून टाकलं. दोनशे, फेरी, नदी, दीडशे. मग मी माझं टाकीचं आणि तापल्या पाण्याचं सांगायला लागले, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"म्हाका खबर आसा," तो आईला म्हणाला. "दोनशें हांवें मेजून घातिल्लीं. भावजी दीडशें म्हणलो तेन्नाच कळ्ळें."

"मग कौलाला का नाही आलास?" मी विचारलं. बारा वर्षांपूर्वी विचारलं होतं तेच.

या वेळी त्याने उत्तर दिलं. "देवा मुखार दीडशें म्हण खोटें कशें सांगूं? आनी दोनशें म्हणिल्लें जाल्यार उरिल्लीं पन्नास खंय गेलीं तें कोणाक विचारतले?" त्याने आईकडे हात केला. "हिका न्हय?"

आई म्हणाली, "मागीर म्हाका तरी सांगपाचें, दादा."

"तूं आयलेंच ना," मामा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आईला सोसायला सोपं गेलं असतं. ती तिथेच अंगणात, त्याच्या पायांशी खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मामी आतून धावत आली. आईला असं रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.